फी माफ झाली, बसभाड्याचे काय?

जुलै महिना लागला की मूल तालुक्यात दोन कामे एकाच वेळी सुरू होतात. बांधीत रोवणी आणि कॉलेजात अ‍ॅडमिशन. आईबाप गुडघाभर चिखलात वाकलेले असतात आणि त्यांचा पोरगा किंवा पोरगी झेरॉक्सच्या दुकानापुढे उभी असते. टी.सी., गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, बँकेचे पासबुक. प्रत्येक कागदाच्या तीन-तीन प्रती. आम्ही मूलमधले काही नोकरदार, निवृत्त शिक्षक आणि कार्यकर्ते गेली काही वर्षे या दिवसांत सायंकाळी विहारात बसतो आणि या पोरांचे फॉर्म भरून देतो. त्या बसण्यातून जे दिसले, तेच आज वाचकांपुढे मांडायचे आहे.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी आली होती. बाप भूमिहीन शेतमजूर. बारावीला पहिल्या वर्गात पास. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला तिचा प्रवेश झाला. फी लागली नाही, फ्रीशिप होती. आम्हालाही समाधान वाटले, एक पोरगी मार्गी लागली म्हणून. दिवाळीनंतर ती कॉलेजात दिसेनाशी झाली. आम्ही तिच्या गावी गेलो. बापाने खाट टाकली, पाणी दिले आणि म्हणाला, "तिले कोणी काढलं नाही जी, तिनंच सोडलं. रोज रोज पैसे मागाले लाज वाटे तिले."

त्या बापाचे हे वाक्य आम्ही विसरू शकलो नाही. फी माफ होती. पुस्तके ग्रंथालयात होती. प्राध्यापक वाईट नव्हते. मग ती मुलगी गेली कशामुळे? बसच्या पासामुळे गेली. मोबाईलच्या रिचार्जमुळे गेली, कारण कॉलेजच्या सगळ्या सूचना मोबाईलवर येतात. प्रॅक्टिकलची वही, परीक्षेचा फॉर्म, कुठल्या तरी कागदाची पुन्हा झेरॉक्स आणि दुपारी सगळ्या मैत्रिणी चहाला निघाल्या की आपण वाचनालयात लपून बसणे, यामुळे गेली. सरकारच्या दप्तरी या गोष्टीला गळती म्हणतात. गळती म्हटले की दोष मडक्याचा वाटतो. आम्ही म्हणतो, मडके फुटलेले नाही. त्याला रोज एक बारीक भोक पाडले जाते आणि ते बुजवायला कोणी बसलेले नाही.

शिष्यवृत्ती मिळते ना, असे कोणी विचारील. मिळते. पण किती मिळते, ते एकदा हिशेबाने पाहू. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये बदल केले. केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के ठरला. त्यानंतरच्या दरांप्रमाणे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्या, घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला शैक्षणिक भत्ता मिळतो वर्षाला ३,००० रुपये. वसतिगृहात राहणाऱ्याला ६,००० रुपये. ३,००० रुपयांना ३६५ दिवसांनी भागा. दिवसाला सव्वाआठ रुपयेसुद्धा होत नाहीत. मूलच्या बसस्थानकाजवळच्या टपरीवर चहा-पोहे घेतले तर या पैशात एक वेळ भागत नाही. आणि हे पैसेही जुलैत लागतात तेव्हा येत नाहीत. परीक्षा तोंडावर आली की येतात, कधी निकालानंतर येतात, कधी पुढच्या वर्षाच्या प्रवेशानंतर. भुकेच्या वेळी ताट रिकामे आणि वर्ष संपल्यावर जेवणाचे बिल मंजूर, असा हा प्रकार आहे.

इथे आम्हाला बाबासाहेबांची आठवण होते. ती केवळ फोटोला हार घालण्यापुरती नाही. विद्यार्थ्याचे पोट आणि विद्यार्थ्याचे पुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाड महाराजांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. तीन वर्षांची ती मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पगारातून पै-पै साठवली, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या मित्राकडून कर्ज काढले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. 'रुपयाचा प्रश्न' या विषयावर ग्रंथ लिहिणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाने रुपयाचा प्रश्न आधी स्वतःच्या पोटावर सोसला होता.

म्हणूनच बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली स्थापन झाली तेव्हा तिने नुसता उपदेश केला नाही. १९२५ साली सोलापुरात मुलांसाठी वसतिगृह उघडले. आधी राहण्या-जेवणाची सोय, मग अभ्यास. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज १९४६ साली मुंबईत सुरू झाले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांना जमावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. कॉलेजची वेळ विद्यार्थ्याच्या पोटाच्या वेळेप्रमाणे ठरली पाहिजे, हा विचार त्यात होता. १९४२ साली व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून तरतूद मागितली आणि १९४४ पासून भारत सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आमची पोरे जो फॉर्म भरतात, त्याचे मूळ तिथे आहे. तो हक्क आहे. खिडकीपलीकडे बसलेल्या कोणाचा तो उपकार नाही.

पण हक्क कागदावर असणे वेगळे आणि तो हातात पडणे वेगळे. मधला रस्ता कसा आहे, ते आम्ही दरवर्षी पाहतो. विद्यार्थी महाडीबीटीवर अर्ज भरतो. तो अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनमध्ये जातो. तिथून तो पुढे पाठवला गेला तरच समाजकल्याण कार्यालयाच्या लॉगिनमध्ये जातो. तिथे मंजूर झाला की राज्याचा वाटा एकदा आणि केंद्राचा वाटा वेगळा, असे पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. एवढ्या प्रवासात अर्ज कुठे अडतो? बापाचा मोबाईल नंबर बदललेला असतो म्हणून ओटीपी येत नाही. बँकेत खाते आहे, पण आधारची जोडणी दुसऱ्याच खात्याला आहे आणि पैसे तिकडे जाऊन पडले आहेत. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली. दाखल्यात आडनावाची वेलांटी चुकली. कॉलेजच्या लॉगिनमध्ये अर्ज पडून आहे आणि तो पाहणारा बाबू एकटाच, त्याच्याच अंगावर परीक्षा विभाग. अर्ज परत आला तर विद्यार्थ्याला कळतच नाही, कारण रिचार्ज संपलेला असतो.

यातली एकही अडचण अशी नाही की जिच्यासाठी मंत्रालयात जावे लागेल. शिकलेला एक माणूस, एक संगणक आणि अर्धा तास एवढेच पुरे. पण हा अर्धा तास देणारा माणूस कॉलेजच्या आवारात कुठे बसतो? २०१७ साली हे पोर्टल नवे आले तेव्हा ते इतके अडले की सरकारलाच पुन्हा कागदी अर्जांचा मार्ग धरावा लागला. त्या वर्षी गैरसोय साऱ्या महाराष्ट्राची झाली. शहरातला विद्यार्थी चार ठिकाणी फिरून काम करून घेतो. राजोली किंवा बेंबाळकडचा विद्यार्थी एक दिवस फुकट गेला की बापाची एक दिवसाची मजुरी घालवून बसतो.

आता राहण्याचा प्रश्न घेऊ. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक. न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ या वर्षापासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. भोजन, निवास आणि निर्वाह मिळून मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, त्याखालच्या महापालिका शहरांत ५१,००० आणि इतर ठिकाणी ४३,००० अशा दरांनी ही योजना राबवली गेली. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे, इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ साली आधार योजना आली. योजना चांगल्या आहेत, त्यांचे आम्ही स्वागतच करतो. पण त्यांचा साचा पाहा. विद्यार्थी गाव सोडून शहरात खोली करून राहिला पाहिजे, तेव्हा तो योजनेत बसतो. जो मूलसारख्या ठिकाणी रोज बसने ये-जा करतो, रात्री घरी परततो, त्याच्या वाट्याला तेच सव्वाआठ रुपये. आमच्या भागातल्या मुलींपैकी कितीतरी याच ये-जा करणाऱ्यांत आहेत, कारण मुलीला खोली करून ठेवायला बाप धजत नाही.

आणि ये-जा म्हणजे काय, हे या जंगल भागाबाहेरच्या माणसाला कळायचे नाही. बारावीपर्यंत मुलीला एस.टी.चा पास मोफत असतो. बारावी झाली, कॉलेजात पाऊल ठेवले, की मोफत पास संपला. मग दोन तृतीयांश सवलतीचा पास. उरलेला एक तृतीयांश कोणाला फार वाटणार नाही, पण रोवणी आणि कापणीच्या मधल्या महिन्यांत घरात रोकड नसते, तेव्हा तोच डोंगर होतो. जानेवारी २०२५ मध्ये एस.टी.ची जवळपास १५ टक्के भाडेवाढ झाली, तेव्हा हा डोंगर आणखी उंच झाला. २०२१-२२ च्या हिवाळ्यात एस.टी.चा संप महिनोन् महिने चालला. कामगारांच्या मागण्या त्यांच्या जागी होत्या. पण त्या संपात ज्यांचे कॉलेज कायमचे तुटले, त्यांची मोजदाद कोणी ठेवली?

शेवटची बस चुकली तर काय होते? पुण्या-मुंबईत रिक्षा मिळते. इथे फाट्यावर उतरून गावापर्यंत पायी जायचे असते आणि रस्ता जंगलातून असतो. मूल, सावली, सिंदेवाही हे तालुके वाघ-माणूस संघर्षाचे तालुके आहेत. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात बळी पडल्या. तेंदूच्या हंगामातले ते चार पैसे घरोघर कशासाठी राखून ठेवले जातात? बियाणे, औषधपाणी आणि पोरांचे शिक्षण. या भागात पुस्तकाचा पैसा जीव धोक्यात घालून आणला जातो, असे आम्ही म्हणतो ते अलंकारिक बोलणे नाही. म्हणून कॉलेजचे वेळापत्रक बसच्या वेळेशी जुळवणे ही किरकोळ मागणी नाही. शेवटचा तास संपतो आणि बस पाच मिनिटांपूर्वी सुटलेली असते, हा प्रकार प्राचार्य आणि आगारप्रमुख एकत्र बसले तर एका दुपारी मिटू शकतो.

उत्पन्नाच्या मर्यादेची गोष्ट तर याहून विचित्र आहे. शिष्यवृत्तीसाठी अडीच लाखांची मर्यादा २०१३ साली ठरली आणि पुढे दहा-बारा वर्षे तशीच राहिली. नवरा-बायको दोघांनाही रोज ४०० रुपये मजुरी मिळाली आणि महिन्याचे २६ दिवस काम मिळाले, असे धरा. वर्षाचे होतात २,४९,६०० रुपये. मजुरी ४०१ झाली की होतात २,५०,२२४. म्हणजे रोजी एका रुपयाने वाढली की पोराची शिष्यवृत्ती गेली! शेतमजुराला वर्षभर २६ दिवस काम मिळतच नाही, हे खरे. पण खाणीत, कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्या बापाकडे पगारपत्रक असते, ते लपत नाही. महागाई कुठच्या कुठे गेली आणि गरिबीची व्याख्या मात्र तिथेच खुंटीला टांगलेली राहिली. ही मर्यादा महागाईबरोबर आपोआप वाढेल अशी तरतूद झाली पाहिजे.

इथवर आम्ही रोजच्या खर्चाविषयी बोललो. पण या खर्चाच्या मागे आणखी एक प्रश्न उभा आहे. एवढे सोसून शिकायचे ते पुढे काय व्हायचे म्हणून? आम्ही फॉर्म भरताना प्रत्येकाला विचारतो, पुढे काय करणार? उत्तरे तीनच येतात. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी. पहाटे मूलच्या रस्त्यांवर धावणारी पोरेपोरी पाहिली की अभिमान वाटतो आणि पोटात गोळाही येतो. २०२३ साली तलाठी भरती निघाली. जागा साडेचार हजारांच्या आसपास आणि अर्ज दहा लाखांहून अधिक. खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये शुल्क, मागासवर्गीयांना ९००. ज्या घराचा शिष्यवृत्तीचा भत्ता वर्षाला ३,००० आहे, त्या घराने एका परीक्षेला ९०० रुपये भरायचे, वर दूरच्या केंद्रावर जायचे-यायचे भाडे आणि एक रात्र फलाटावर झोप. अशा दोन-तीन परीक्षा दिल्या की वर्षाची शिष्यवृत्ती सरकारच्याच तिजोरीत परत गेली. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे, हा कुठला न्याय?

भरतीची तयारी करू नये असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सरकारी नोकरीने आमच्या दोन पिढ्या उभ्या केल्या, हे आम्ही कसे विसरू? पण खाउजा धोरणाने त्या जागा आटवल्या, कंत्राटीकरणाने उरलेल्या पोखरल्या, हे पोरांना पहिल्याच वर्षी कोणी तरी सांगितले पाहिजे. दुसऱ्या वाटा कोणत्या, हेही सांगितले पाहिजे. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती २००३ पासून आहे, ती दरवर्षी ७५ विद्यार्थ्यांसाठी असते, हे आमच्या तालुक्यातल्या किती पदवीधरांना माहीत आहे? पुण्याची बार्टी ही संस्था स्पर्धा परीक्षांचे प्रशिक्षण देते, संशोधनाला अधिछात्रवृत्ती देते, हे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळते तेव्हा अर्जाची तारीख गेलेली असते. चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा आहे, वीज आहे, सिमेंट आहे, बल्लारपूरला कागद आहे, पलीकडे गडचिरोलीत सुरजागडचे लोखंड आहे. या कारखान्यांच्या फाटकातून आमचा माणूस आत जातो तो बहुधा कंत्राटी मजूर म्हणून. हिशेबनीस, प्रयोगशाळा सहायक, सुरक्षा अधिकारी, यंत्रचालक म्हणून जाण्यासाठी कोणता अभ्यासक्रम लागतो, हे बी.एस्सी.च्या पोराला कॉलेजात कोण सांगते?

करिअर मार्गदर्शन केंद्र बहुतेक कॉलेजात असते. नॅकची समिती येते तेव्हा त्याची पाटी पुसली जाते, फाईल काढली जाते, एका व्याख्यानाचा फोटो चिकटवला जातो. ते काम ज्या प्राध्यापकाकडे असते, त्याच्याकडे त्याच वेळी रासेयो, परीक्षा आणि तासिका असतात. आम्ही त्याला दोष देत नाही. रिकाम्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, तासिका तत्त्वावरच्या माणसाला आपल्याच करिअरची खात्री नाही, तो दुसऱ्याला काय दिशा दाखवणार? नव्या शैक्षणिक धोरणाने तर आता ऑन जॉब ट्रेनिंग अभ्यासक्रमात आणले आहे. कल्पना चांगली आहे. पण राइस मिल, दोन-चार बँका, पंचायत समिती आणि नगरपरिषद एवढ्या बळावर कला शाखेच्या पोरांनी मूलमध्ये कुठे प्रशिक्षण घ्यायचे, याची यादी करायची कोणी? ती कॉलेजने आणि विद्यापीठानेच करायला हवी. नाही तर ओळखीवर सही-शिक्का मिळवून गुण घेतले जातील आणि ज्याची ओळख नाही तो इथेही मागे राहील. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन मिळाले, पोरे आनंदाने गेली. मुदत संपली आणि पुन्हा घरी. कामाचा अनुभव घेऊन पुढे कुठे जायचे, हे सांगणारा माणूस तिथेही नव्हता.

एक साधी गोष्ट सांगतो. जात वैधता प्रमाणपत्र. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. भूमिहीनाकडे सातबारा नसतो. मग आजोबांचा शाळेचा दाखल-खारीज शोधा, कोतवाल बुकाची नक्कल काढा. या कामाला कित्येक महिने जातात. हे काम बी.ए.च्या पहिल्या वर्षी सुरू केले तर तिसऱ्या वर्षापर्यंत हातात येते. नोकरीची किंवा बी.एड.ची संधी आली की मग धावपळ केली तर संधी जाते. करिअरचे नियोजन म्हणजे मोठमोठ्या वक्त्यांची भाषणे नव्हेत. कोणता कागद कोणत्या वर्षी काढायचा, हे वेळेवर सांगणे म्हणजेच आमच्या पोरांसाठी करिअरचे नियोजन.

यावर दोन आक्षेप येतात, त्यांचाही विचार केला पाहिजे. पहिला असा की, शिष्यवृत्ती आली की पोरे मोबाईल घेतात, सगळे फुकट देऊन सवय बिघडते. काही पोरे घेत असतील. पण फॉर्म मोबाईलवर, तास मोबाईलवर, निकाल मोबाईलवर आणि मोबाईल घेतला की चैन? हा न्याय श्रीमंताच्या पोराला का लावला जात नाही? मात्र आमच्या पोरांनाही आम्ही स्पष्ट सांगतो. हप्त्यावरचा महागडा मोबाईल आणि दोन मिनिटांत कर्ज देणारी अ‍ॅप हा नव्या काळातला सावकार आहे. आपल्या आजोबांनी अंगठा दिला, तुम्ही अंगठ्याने बटण दाबता, एवढाच फरक. महिन्याचा जमाखर्च वहीत लिहायची सवय लावा. लंडनमध्ये अर्धपोटी राहून ग्रंथ विकत घेणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी आहोत.

दुसरा आक्षेप असा की, कमवा आणि शिका. तत्त्व मान्य. कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्याच तत्त्वावर साताऱ्यात बहुजनांची पोरे शिकवली. आमच्या मूलजवळच्या सोमनाथला बाबा आमट्यांनी १९६७ साली श्रमिक विद्यापीठाची कल्पना घेऊन युवकांची छावणी भरवली. श्रमाची लाज आमच्या पोरांना कधीच नव्हती, ती तर रोवणीला जाऊनच कॉलेजात येतात. पण कमवा-शिका म्हणजे कॉलेजचे गवत कापणे एवढेच असू नये. ग्रंथालयात, संगणक कक्षात, शिष्यवृत्तीच्या टेबलावर वरच्या वर्गातल्या पोरांना दोन-दोन तास काम द्या. त्यांना मानधन मिळेल, धाकट्यांचे फॉर्म भरले जातील आणि बाबूचाही भार हलका होईल.

२०११ साली गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीला झाले. त्याआधी चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांना एका गुणपत्रिकेच्या दुरुस्तीसाठी नागपूर गाठावे लागे. ते अंतर कमी झाले, हे मान्य केले पाहिजे. याच विद्यापीठाने 'विद्यापीठ आपल्या गावात' हा उपक्रम काढून गावातल्या माणसांना गावातच पदवीची सोय करून दिली. मनात आणले तर विद्यापीठ गावापर्यंत जाऊ शकते, हे त्याने दाखवून दिले. मग आपल्याच संलग्न कॉलेजांच्या आवारात एक खिडकी उघडणे त्याला अवघड का वाटावे?

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक कॉलेजात वर्षभर चालणारा विद्यार्थी सहायता कक्ष असावा, त्यात एक पूर्णवेळ माणूस असावा आणि कोणाचा अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे हे दर आठवड्याला फलकावर लागावे, नावाने नव्हे तर अर्ज क्रमांकाने, म्हणजे कोणाची अब्रू जाणार नाही. ये-जा करणाऱ्यांसाठी शिष्यवृत्तीत वेगळा प्रवासभत्ता असावा आणि मुलींचा मोफत पास पदवीपर्यंत चालू ठेवावा. दुपारी अल्प दरात एक वेळचे वरण-भात-भाजी मिळेल असे भोजनगृह असावे. शिष्यवृत्ती मंजूर होईपर्यंत त्यातूनच फेडायची बिनव्याजी उचल मिळावी. भरतीचे शुल्क मागास व गरीब उमेदवारांना माफ करावे आणि परीक्षा केंद्र जिल्ह्यातच द्यावे.

सरकार हे करील तेव्हा करील, त्यासाठी निवेदने, मोर्चे आम्ही काढूच. पण आपल्या हातात काहीच नाही का? २०० विद्यार्थ्यांना जुलैत प्रत्येकी १,५०० रुपयांची उचल द्यायला ३ लाख रुपये लागतात. तालुक्यात आपल्या समाजाचे नोकरदार किती आहेत? ३०० जणांनी एकदाच १,००० रुपये दिले की हा निधी उभा राहतो. शिष्यवृत्ती आली की पैसे परत येतात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या पोरांना जातात. जयंतीच्या डी.जे.वर एका रात्रीत जे उडते, त्याच्याशी या आकड्याची तुलना ज्याने त्याने आपल्या मनाशी करावी. आपल्या गावोगावच्या विहारांना पक्क्या भिंती आहेत, वीज आहे. सायंकाळी तिथे दिवा, टेबल आणि एक संगणक ठेवला तर तेच अभ्यासिका आणि तेच सहायता केंद्र. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्या भूमीवर दरवर्षी आम्ही हजारोंनी जमतो. त्या गर्दीतल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाने एका विद्यार्थ्याच्या बसपासची जबाबदारी घेतली तर काय होईल, याचा विचार करावा. मात्र एक भान ठेवावे. आपण निधी काढला म्हणून सरकारची जबाबदारी सुटत नाही. आपला निधी ही तात्पुरती मलमपट्टी आहे, हक्क तो हक्कच.

ज्या मुलीची गोष्ट सुरुवातीला सांगितली, तिच्या घरी आम्ही यंदा पुन्हा गेलो होतो. ती रोवणीला गेलेली होती. तिची लहान बहीण आता अकरावीला आहे, मोफत पासवर रोज मूलला येते. बारावीनंतर काय करणार, असे आम्ही तिला विचारले. तिने बापाकडे पाहिले आणि गप्प राहिली. तिच्या बारावीला अजून दोन वर्षे आहेत. कॉलेजात, विद्यापीठात, सरकारात आणि समाजात बसलेल्या आम्हा सर्वांच्या हातात तेवढाच वेळ आहे.